गुलाल मालेत, अंगण आपलं

मालदीवच्या बेटांवर स्थानिक निवडणुकांचा निकाल लागला की तुम्हाला बोलावंच लागतं. गप्प बसून चालत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर पहाटे फुलांचं चित्र टाकणारे काका तोवर चार ओळी ठोकून मोकळे झालेले असतात आणि तुम्ही आपले पोह्यांवर लिंबू पिळत बसलेले. तेव्हा पुढच्या खेपेला फजिती नको म्हणून ही थोडी शिकवणी. फी नाही.

पहिली अडचण नावांची. फुवाह्मुला, कुळुदुफ्फुशी, थिनाधू. ही वाचायच्या फंदात पडू नका. ‘तिकडची बेटं’ म्हणा, भागतं. सांगलीला कुणी चुकून सांगोला म्हटलं तर तुम्ही त्याचं शिक्षण काढता, ही गोष्ट वेगळी. ते आपलं गाव आहे. वास्तविक मालदीवची सगळी लोकसंख्या, कामाला आलेले परदेशी धरूनसुद्धा, 2022 च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आतच भरली. म्हणजे अख्खा देश साधारण सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेएवढा. पण तो वसलाय समुद्रात सांडलेल्या जवळजवळ बाराशे बेटांपैकी दोनेकशे बेटांवर. त्यातल्या त्यात मोठी गावं झाली शहरं, बाकीच्या प्रत्येक बेटाला आपली वेगळी परिषद, त्यांच्यावर प्रवाळद्वीपांच्या परिषदा. एवढं सगळं कुणी विचारणार नाही. विचारलंच तर ‘भू-राजकीय गुंतागुंत’ म्हणा आणि चहाचा घोट घ्या.

भाषेकडेही ढुंकून पाहू नका. पाहिलंत तर घोटाळा होईल. दिवेही भाषेत देशाला ‘राज्जे’ म्हणतात, म्हणजे आपलं राज्यच. संसदेचं नाव ‘रय्यितुंगे मजलिस’, म्हणजे रयतेची मजलिस. वर त्यांच्याकडे चक्क आपला ळ आहे. प्रवाळद्वीपाला ते ‘अतोळु’ म्हणतात आणि इंग्रजांनी तो शब्द उचलून ॲटॉल केला. हे कळलं की ती माणसं उगाच ओळखीची वाटायला लागतात आणि ओळखीच्या माणसांवर बहिष्कार घालताना हात जड होतो.

आता मुख्य कौशल्य. निकाल हाती आला की उमेदवारांची दोन भागांत वाटणी करायची: आपला आणि चीनचा. तिसरा कप्पा नाही. उमेदवार काय म्हणाला, त्यानं कचऱ्याचं काय करायचं ठरवलंय, हे वाचण्यात वेळ घालवू नये. पिवळे झेंडेवाला एमडीपी पक्ष आपला, समोरचा चीनचा. काम दोन मिनिटांचं आहे.

नमुना म्हणून 13 जानेवारी 2024 घ्या. तुम्हाला तारीख आठवत नसेल, पण ती रात्र आठवत असेल. त्याआधी दहाएक दिवस पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले होते, त्यावरून राजधानी मालेतल्या उपमंत्र्यांनी तारे तोडले आणि त्यांना निलंबित व्हावं लागलं. इकडे तुमच्या मेहुण्यानं मालदीवचं तिकीट रद्द केल्याचं जाहीर केलं. (त्यानं ते काढलेलंच नव्हतं, पण देशभक्तीत पावती मागायची नसते.) आणि त्याच शनिवारी मालेच्या महापौरपदाची पोटनिवडणूक. एमडीपीचे आदम अझीम निवडून आले. झालं! आपल्याकडे पडद्यांवर ‘राष्ट्राध्यक्ष मुइझ्झूंना दणका’. काकांनी फटाक्यांची हलती चित्रं लावली. आजवर ज्यांना मालेला महापौर असतो हेही ठाऊक नव्हतं, ते ‘जनतेनं धडा शिकवला’ म्हणू लागले.

इथं आकड्यांपासून जपायचं. विजयी उमेदवाराला मतं होती पाच हजार तीनशेच्या आसपास, पडलेल्या अझिमा शकूर यांना तेहतीसशेच्या आसपास, आणि मतदान झालेलं जेमतेम तीस टक्के. पुण्याच्या प्रभागात पाच हजार मतं घेणारा उमेदवार निकालाच्या दुपारी फोन बंद करून गावी जातो. पण हे ग्रुपवर लिहू नका, रंगाचा बेरंग होतो. ‘प्रचंड’ हा शब्द वापरा. त्याला आकडा लागत नाही.

कुणी खोचकपणे म्हणेल की त्या जनतेच्या धड्यानंतर दुसऱ्याच दिवशी मालदीवनं भारतीय सैनिक 15 मार्चपर्यंत परत न्या म्हणून मुदत दिली. मग दणका नेमका कुणाला बसला? अशा माणसाला ग्रुपमधून काढता येत नाही, तो सोसायटीचा खजिनदार असतो. विषय बदला. 1988 सालचं ‘ऑपरेशन कॅक्टस’ काढा: आपले छत्रीसैनिक उतरले आणि त्यांचं सरकार वाचलं. तेवढ्यानं भागलं नाही तर डिसेंबर 2014 मध्ये मालेचा पाण्याचा कारखाना बंद पडला तेव्हा आपण विमानांनी आणि जहाजांनी पाणी पोचवलं, ते काढा. दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या आहेत. त्यावरून एवढंच सिद्ध करायचं की मालेतला मतदार मतपत्रिकेवर खूण करताना आपल्या पाण्याला जागला पाहिजे.

तो बापडा जागतो कशाला, हे मात्र पाहू नका. मालेचं मूळ बेट चालत पाऊण तासात ओलांडता येईल, क्षेत्रफळ दोन चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यात माणसांवर माणसं. दोन खोल्यांचं भाडं भरलं की पगाराचा खुळखुळाच उरतो. भाऊ दिवसपाळीला गेला की रात्रपाळीवाला भाऊ त्याच गादीवर पडतो. गल्लीत दुचाक्या अशा खेटून लावलेल्या, की मधली काढायची तर आधी चार हलवाव्या लागतात. (पुणेकर असाल तर इथं क्षणभर डोळे मिटायला हरकत नाही.) शिवाय ‘दफ्तर’ हा एक प्रकार. पिढ्यान्‌पिढ्या मालेत राहिलेल्या, पण नावावर घर-जमीन नसलेल्या लोकांची नावं पालिकेच्या वहीत असतात, त्या वहीचं हे नाव. आपलं दप्तर ते हेच. आपल्याकडे ते पोराच्या पाठीवर असतं, तिथं माणसाचा पत्ताच दप्तरात असतो. या दप्तरातल्या लोकांना भूखंड देतो, फ्लॅट देतो, हे प्रत्येक पक्ष प्रत्येक निवडणुकीत सांगतो. मतं तिथं हलतात. बीजिंगला नाही आणि दिल्लीलाही नाही.

लहान बेटांवरच्या लढती तर आणखी अवघड आहेत. म्हणजे आपल्याला समजायला फार सोप्या, आणि म्हणूनच अडचणीच्या. बेटावर मतदार असतात पाच-सातशे, त्यातले कितीतरी पोटासाठी मालेत. मग त्या बेटाच्या परिषदेची एक मतपेटी मालेतच ठेवावी लागते आणि उमेदवार बोटीनं मालेला येऊन गल्लीबोळांत आपल्या बेटाची माणसं शोधत फिरतो. कोकणातल्या ग्रामपंचायतीचा उमेदवार चाकरमान्यांसाठी लालबागच्या चाळीचे जिने चढतो, तसाच. ‘मावशी, धक्क्याचं काम या वेळी नक्की.’ मावशी ऐकून घेते. ती मागच्या वेळचा धक्का विसरलेली नसते. इकडे बेटावर बंदराजवळ जाळीच्या लोंबत्या खुर्च्या टांगलेल्या, त्यांना ‘जोआली’ म्हणतात. आपला पारच, फक्त पाय हवेत. खरं विश्लेषण त्या जोआलीवर होतं: कुणाचा जावई कुठल्या पॅनेलला, कुणाच्या पोराला परिषदेत चिकटवलं, कचऱ्याचा ढीग कुठल्या टोकाला हलणार. त्यात चीन कुठं बसवाल? बसवून दाखवा.

बायकांचा मुद्दा आला तर झटकन पुढे सरका. 2019 अखेर कायदा बदलून त्यांनी परिषदांतल्या तेहतीस टक्के जागा बायकांना राखल्या, आणि चार-साडेचार वर्षांनी रयतेच्या मजलिशीत 93 पैकी तीन बायका निवडून आल्या. यावर आपण हसायला गेलो तर कुणी तरी सरपंचपतींचा विषय काढेल.

आता एक गुपित सांगतो, ते तुमच्यापाशीच ठेवा. ज्या निकालावर खरोखर बोलायला हवं होतं तो आपण पाहिलाच नाही. 10 एप्रिल 2021. त्या दिवशी देशभर परिषदांच्या निवडणुका झाल्या. ‘आपला’ म्हणवणारा एमडीपी तेव्हा अंगानं फुगलेला: राष्ट्राध्यक्ष त्यांचा, मजलिशीत 87 पैकी 65 जागा त्यांच्या. आणि राजधानीचं महापौरपद मात्र गेलं विरोधकांकडे, लीड्सहून पीएच.डी. करून आलेल्या एका स्थापत्य अभियंत्याकडे. आधीच्या राजवटीत गृहनिर्माण खातं त्याच्याकडे असताना मालेला विमानतळाशी जोडणारा पूल झाला होता. नाव मोहम्मद मुइझ्झू. अडीच वर्षांनी तो राष्ट्राध्यक्ष झाला. त्या एप्रिलमध्ये आपण रेमडेसिव्हिरच्या शोधात होतो, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा? पण 2024 ची पोटनिवडणूक म्हणजे त्यानंच मोकळी केलेली खुर्ची होती, हे तरी ध्यानात असू द्या. नाही तर असूच देऊ नका. उगाच प्रश्न पडतात.

धोरणात सातत्य ठेवण्याचा तर विचारही करू नका. जानेवारीत ‘मालदीवची जनता आपल्या बाजूनं’ असं लिहिलेल्या बोटांनी 21 एप्रिलला, मुइझ्झूंच्या पक्षानं 93 पैकी 66 जागा नेल्यावर, ‘कृतघ्न’ लिहायचं. ऑक्टोबरात तेच मुइझ्झू सपत्नीक ताजमहालापुढे उभे राहिले आणि मुंबईलाही येऊन गेले, तेव्हा ‘शेवटी आले ना’ लिहायचं. 2025 च्या जुलैत आपले पंतप्रधान त्यांच्या स्वातंत्र्याच्या साठीला प्रमुख पाहुणे म्हणून गेले आणि 4,850 कोटींचं कर्ज जाहीर करून आले, तेव्हा हात जोडल्याचं चित्र पुरे. चारही वेळा तुम्हीच बरोबर होता. स्क्रीनशॉट काढून ठेवणाऱ्या भाच्याला दिवाळीत बोलावू नका.

आणि एक घरगुती सूचना. मालेच्या महापौराबद्दल लिहिताना आवाज जरा बेतानं ठेवा. त्या जानेवारीत तुमच्या गावाला महापौर नव्हता. मुंबई आणि पुणे, दोन्ही महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती. प्रभागरचना, आरक्षण, न्यायालय यांच्या फेऱ्यात निवडणूक लटकलेली आणि कारभार प्रशासकाकडे. गटार तुंबलं तर कुणाच्या नावानं शिमगा करायचा हे पावणेदोन वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. नगरसेवकाचा फ्लेक्स होता, त्यावर ‘माजी’ चिकटवलेलं. तिकडे तीस टक्के का होईना, रांगेत उभे राहिले आणि इकडे आपण त्यांच्या निकालाचे पेढे वाटले. काकांना मी हे एकदा लिफ्टमध्ये म्हणालो. ‘आपल्याकडचं राजकारण फार गलिच्छ झालंय हो,’ म्हणाले, ‘त्यात मी लक्षच घालत नाही.’

मधुचंद्राला मालदीवला जाऊन आला असाल तर सोन्याहून पिवळं. समुद्री विमानातून थेट रिसॉर्टच्या लाकडी धक्क्यावर उतरलात, चार रात्री पाण्यावरच्या झोपडीत काढल्या आणि तसेच विमानतळावर परतलात. जिथं मतदार राहतात असं एकही बेट पायाला लागलं नाही. हीच तुमची तटस्थता. ‘मी तिथं राहून आलोय’ एवढंच म्हणायचं, पुढचं समोरचा समजून घेतो.

तरीही ऐनवेळी सुचलं नाही तर हा मजकूर जपून ठेवा: ‘अखेर ____ बेटावर ____ना जनतेनं जागा दाखवली! आता तरी ____ शहाणा होईल का? सहमत असाल तर पुढे पाठवा.’ रिकाम्या जागा तेवढ्या भरायच्या. मागच्या खेपेला आमच्या एका शेजाऱ्यानं घाईत तो तसाच पाठवला. सतरा अंगठे आले आणि खाली काकांचं उत्तर: ‘अगदी मनातलं बोललात.’