खुलासा: टेक्सासमधील ‘बेकायदा मतदार नोंदणी’चा दावा

‘टेक्सासमध्ये लायसन्सच्या ऑफिसबाहेर तंबू ठोकून स्थलांतरितांना मतदार केलं जात होतं, संस्था रंगेहाथ सापडली’ हा मजकूर अजूनही फिरतो आहे. तो खरा नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये फॉक्स न्यूजच्या मारिया बार्टिरोमो यांनी मित्राच्या पत्नीने पाहिल्याचं सांगत ही गोष्ट एक्सवर टाकली. म्हणजे ऐकीव माहिती. ज्या भागाचं नाव यात घेतलं होतं, त्या टेक्सासमधल्या पार्कर काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) निवडणूक अधिकाऱ्यांनी आणि तिथल्या रिपब्लिकन पक्षाध्यक्षांनीच (हे मुद्दाम लक्षात घ्यावं) याला पुरावा नसल्याचं सांगितलं.

तरीही राज्याचे रिपब्लिकन ॲटर्नी जनरल (सरकारचे मुख्य कायदा अधिकारी) केन पॅक्स्टन यांनी चौकशी जाहीर केली आणि तरुण लॅटिनो मतदारांची नोंदणी करणाऱ्या ‘जोल्ट’ या संस्थेकडे कागदपत्रं मागितली. जोल्ट फेडरल कोर्टात गेली. ऑक्टोबरमध्ये पॅक्स्टन यांच्या कार्यालयाने ती मागणी पुढे न रेटण्याचं मान्य केलं. रंगेहाथ पकडलं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

नोंदणीसाठी टेबल मांडून बसणाऱ्या स्वयंसेवकाकडे फॉर्म दिला की माणूस लगेच मतदार होत नाही. स्वयंसेवकाला काउंटी नेमते. तो भरलेला फॉर्म फक्त पोचवतो. पात्रता काउंटीचं नोंदणी कार्यालय तपासतं. नागरिक असल्याचं खोटं लिहून सही करणं हा गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांनाही मत नाही, हे तिथल्या मराठी कुटुंबांना चांगलं ठाऊक आहे.

टेक्सासमध्ये सर्वसाधारण ऑनलाइन नोंदणी नाही, म्हणून नव्या मतदारांपर्यंत पोचायला हे टेबलवाले स्वयंसेवक महत्त्वाचे ठरतात. कागदपत्रं मागणाऱ्या अशा नोटिशीच्या धाकाने ते घरी बसले, तर नुकसान पात्र नागरिकांचं होतं.