शाळेचा इतिहास लिहिताना रजिस्टर उघडू नये

गावातल्या जुन्या मराठी शाळेला शंभर वर्षं झाली आणि स्मरणिकेचं काम तुमच्या गळ्यात पडलं? घाबरू नका. पहिली आठ पानं शुभेच्छांची, मधली वीस जाहिरातींची. उरलेल्या चार पानांत शंभर वर्षं आरामात मावतात.

सुरुवात 'ज्ञानगंगा' या शब्दाने करा. इमारत कोणी बांधली हा प्रश्न आला, की ज्याचा नातू यंदा प्रमुख पाहुणा असेल त्याच्या आजोबांनी बांधली असं लिहा. खरं तर लोकल बोर्डाने बांधली असेल, पण 1962 साली जिल्हा परिषदा आल्या आणि बोर्डं गेली. भांडायला कोण येतंय?

मुखपृष्ठाच्या फोटोआधी चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा मारून घ्या. चुना ओल बाहेर टाकतो, सिमेंट ती आतच कोंडतं, असं जुने गवंडी सांगतील. सांगू द्या. गिलावा फुगेपर्यंत प्रकाशन उरकलेलं असतं.

एक पथ्य मात्र कडक पाळा: कपाटातलं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, उघडू नका. 2023 साली कुणबी नोंदी शोधायला सरकारी माणसांनी अशी रजिस्टरं चाळली, मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. त्यांचं बरं होतं, जातीचा रकाना पाहिला की काम संपलं. तुम्ही पुढचे रकाने वाचत बसाल. शाळा सोडल्याची तारीख. सोडण्याचं कारण. मुलींची नावं कितवीत संपतात, तेही दिसेल. मग 'येथे सर्व जातींची मुले गुण्यागोविंदाने शिकत' हे वाक्य लिहिताना हात अडखळेल. सरकारी पैशांवरच्या विहिरी आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली झाला. सगळे गुण्यागोविंदाने बसत होते तर ठराव कशाला लागला, असं एखादा खवचट वाचक विचारायचा.

कोणी म्हणेल, साताऱ्याच्या शाळेतल्या रजिस्टरच्या एका ओळीवरून अख्खं राज्य विद्यार्थी दिवस पाळतं: 7 नोव्हेंबर 1900, क्रमांक 1914, भिवा रामजी आंबेडकर. खरंय. पण तो मुलगा पुढे बाबासाहेब झाला, म्हणून ती ओळ वाचली गेली. तुमच्या रजिस्टरात तशाच एखाद्या नावापुढे 'सतत गैरहजर' एवढंच लिहिलेलं असेल. ते छापायचं तर एक जाहिरात काढावी लागेल.