दोन शेंगाळे आणि पेट्रोलचा हिशेब

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया झोंबली, म्हणून दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "रविवारचे चार तास खाडीवर घालवून दोन शेंगाळे आणता, तेवढ्या पेट्रोलमध्ये बाजारात बरा मासा आला असता. आणि मुक्या जिवाला गळ टोचून समाधान मिळतंच कसं?"

पेट्रोलचं बरोबर आहे. बांगड्याचा वाटा त्याहून स्वस्त पडतो, हे मला घरीही ऐकवलं जातं. पण रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीवर मी काही बाजार करायला जात नाही.

आठवडाभर माझी दहाही बोटं कीबोर्ड बडवतात. रविवारी एकच कामाला लागतं, तर्जनी. गळाचा नायलॉनचा दोरा, म्हणजे तंगूस, तिच्यावरून सोडलेला असतो. काळुंदर टुकटुक करत कोळंबी कुरतडते. तांबोशी असलं काही करत नाही, एकच हिसडा देते आणि दगडाकडे पळते. हिसका नाही, नुसतं ओझं वाढतंय, तर खेकडा बसलाय. पहिले सहा महिने मला हे सगळं सारखंच लागायचं. आता बोट आधी ओळखतं, मग मी. हे सुख बाजारात किलोवर मिळत नाही हो.

आणि तिथी! कॅलेंडरवरचे ते बारीक आकडे मी जन्मात पाहिले नव्हते. काठावर गरवणाऱ्या, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्या, एका आजोबांनी सांगितलं, तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ निघते. आठाची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, अर्धा तास इकडेतिकडे. शिवाय अष्टमीला भांग असतो, म्हणजे पाण्याला ओढ कमी, दोऱ्याला वजनासाठी बांधलेलं शिसं टाकलं तिथेच राहतं. पुनवेच्या उधाणात तेच शिसं वाहत कुठच्या कुठे जातं. एकादशीची भरती सव्वाआठची, म्हणजे चहा-नाश्ता करून निघावं अशी. पण त्या दिवशी घरात मासा चालत नाही, म्हणून मी जात नाही. खायचं नसेल तर गळ टाकायचा नाही, एवढा एक नियम पाळतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे असं चटकन उत्तर नाही. जाळ्यातला मासाही तडफडतो, हे म्हणता येईल, पण ती पळवाट झाली. एकदा वीतभर तांबोशीने गळ पार घशात नेला होता. मी घाईत ओढला, तोंड फाटलं. सोडून दिली तर ती आडवीच तरंगत गेली. त्या दिवशी मी सामान गुंडाळून घरी आलो आणि महिनाभर गेलो नाही. तेव्हापासून गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाकतो. मासे जास्त सुटतात, सुटोत. बारकं पिल्लू लागलं तर ओल्या हाताने धरून सोडतो. यात दुखवणं कमी होतं, संपत नाही. तेवढं तुमचं म्हणणं मला मान्य.

अष्टमी रविवारी आली की कळवतो, पहाटे पाचला पुलाजवळ या. टोपी आणा, ऊन चढतं. आणि शेंगाळा लागला तर हात लावू नका, पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन काटे विषारी असतात. मला एकदा लागलाय, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून बसलो तेव्हा कुठे ठणका उतरला.