'नक्की' म्हणजे शंभर टक्के?

शुद्ध मराठीच्या नावाखाली एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: 'नक्की' म्हणजे संपूर्ण खात्री, म्हणून 'नक्की असेल' आणि 'नक्की काय झालं?' ही वाक्यं चूक, 'नक्कीच'मधला 'च' फुकटचा, आणि संस्कृतातून आलेला 'निश्चित' शुद्ध म्हणून तोच वापरावा. यातलं मला काहीच पटत नाही.

खात्री असेल तर 'असेल' कशाला, हा त्यांचा पहिला सवाल. पण आपण 'नक्की' केव्हा म्हणतो ते पाहा. मित्र समोर बसलेला असताना 'तो नक्की इथे आहे' असं कोणी म्हणत नाही. 'तो इथे आहे' एवढं पुरतं. बंद खोलीत दिवा दिसला, की मात्र 'तो नक्की आत असेल' हे तोंडातून निघतं. डोळ्यांदेखतच्या गोष्टीला 'नक्की' लागत नाही. खुणांवरून बांधलेल्या अंदाजाला लागतं. 'असेल' सांगतं की हा अंदाज आहे, 'नक्की' सांगतं की तो पक्का आहे. यात विसंगती कुठे आली?

नकारात तर जागेवर अर्थ ठरतो. 'तो नक्की येणार नाही' म्हणजे वाट पाहू नका. 'तो येणार हे नक्की नाही' म्हणजे थोडं थांबून पाहा. शंभर टक्क्यांचं एकच माप लावणाऱ्याला हा फरक दिसणारच नाही.

'नक्की काय झालं?' इथे अर्थ 'नेमकं' असा आहे. 'तारीख नक्की झाली' म्हणजे मोघमपणा संपला. प्रश्नातही आपण तेच मागतो.

'च' फुकटचा नाही. 'नक्की?' असं विचारता येतं, 'नक्कीच?' असं सहसा कोणी विचारत नाही. 'नक्कीच' हे उत्तर आहे.

राहिला 'निश्चित'. शब्द चांगला आहे, पण त्याची आणि 'नक्की'ची जागा वेगळी: 'निश्चित उत्पन्न' म्हणतात, 'नक्की उत्पन्न' नाही. (त्यावर अनुस्वार देऊन 'निश्चिंत' करू नका, तो बिनघोर माणसाचा शब्द.) आणि मूळ शोधून अर्थ ठरत नसतो. 'खचित' संस्कृतात म्हणजे जडवलेलं. 'रत्नखचित'मध्ये ते अजून आहे. मराठीत एकटा 'खचित' मात्र निःसंशय या अर्थी रुळला. 'खात्री' अरबी 'खातिर'वरून आला, त्याचा मूळ अर्थ मन. संस्कृतातलेच शब्द ठेवायचे, तर 'नक्की म्हणजे संपूर्ण खात्री' हे त्या मजकुराचं पहिलंच वाक्य लिहिता येणार नाही.