84 अधिक 14 : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कोविडच्या लससक्तीवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. साथीत घराला आग लागलेली असताना घटनेची कलमं काढून बसणं ही चैन आहे, माझ्या लेखामुळे लसविरोधकांच्या हाती कोलीत मिळालं, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न 1905 सालीच निकालात काढलाय, असं तुमचं म्हणणं.

आधी माझी चूक. ‘लससक्ती घटनाबाह्य’ हे शीर्षक चुकलंच होतं, ते आज बदललं. 2 मे 2022 च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. नागेश्वर राव आणि न्या. गवई यांनी इतकं सरसकट काही म्हटलेलं नाही. कुणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, कारण स्वतःच्या शरीरावरचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्ये, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात येतो. पण सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार अटी घालू शकतं, फक्त त्या गरजेच्या प्रमाणात हव्यात. लस न घेतलेल्यांकडून संसर्ग जास्त पसरतो, हे दाखवणारी माहिती सरकारांनी न्यायालयापुढे ठेवली नाही. म्हणून तेव्हाचे निर्बंध प्रमाणाबाहेरचे ठरले. लसीकरणाचं धोरण मनमानी आहे, हा आरोप मात्र न्यायालयाने मानला नाही.

लसविरोधकांचं म्हणाल, तर आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची गोष्ट ऐका. त्या दिव्याहून ठाण्याला येतात. जुलै 2021 च्या पहिल्या आठवड्यात पहाटेपासून रांगेत उभं राहून त्यांनी कोविशील्डचा पहिला डोस घेतला. लसीला त्यांचा विरोध कधीच नव्हता. 15 ऑगस्टपासून मुंबईची लोकल सुरू झाली ती दोन्ही डोस घेऊन 14 दिवस झालेल्यांसाठी. आता हिशोब करा. दोन डोसांमध्ये 84 दिवसांचं अंतर सरकारनेच ठरवलेलं. 84 अधिक 14, म्हणजे 98 दिवस. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला केंद्र सरकारची मोफत लस 21 जूनपासून मिळू लागली. अगदी पहिल्या दिवशी कोविशील्ड घेणाऱ्यालाही 27 सप्टेंबरपर्यंत लोकल बंद. नियम पाळूनही नियमात बसायची सोय नव्हती! मावशी ऑक्टोबर उजाडला तरी दोन शेअर रिक्षा आणि एक बस करून येत होत्या. त्या गर्दीत संसर्ग कमी होत होता का? हा प्रश्न विचारणं म्हणजे लसविरोध असेल, तर तो आरोप मला मान्य आहे.

शिवाय लोकलबंदीचे ते आदेश निघाले कसे, तेही पाहा. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली निर्णय राज्य कार्यकारी समितीने घ्यायचा. इथे समितीत विचारविनिमय न होताच मुख्य सचिवांनी आदेश काढले, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर बोट ठेवलं. तुम्हाला ही तांत्रिक बाब वाटेल. पण समितीत चार माणसं बसली असती, तर हा 98 दिवसांचा हिशोब एकाने तरी मांडला असता, असं मला मनापासून वाटतं.

आता 1905 चा निकाल. देवीच्या साथीत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात जेकबसन नावाच्या पाद्र्याने लस नाकारली आणि न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली, हे खरं. पण त्याला दंड होता 5 डॉलर. त्याला कुणी धरून टोचलं नाही, की त्याची रोजीरोटी अडवली नाही. सक्तीमागे राज्याच्या विधिमंडळाने केलेला कायदा होता. आणि हा अधिकार मनमानीने वापरला तर न्यायालय हस्तक्षेप करेल, असंही त्याच निकालात आहे. पुढे 13 जानेवारी 2022 ला त्याच न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांवरचा लस-किंवा-चाचणी नियम स्थगित केला, आणि त्याच दिवशी सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांवरची सक्ती मात्र चालू राहू दिली.

हा फरक मला पटतो. तुम्ही शेवटी विचारलंय, नवजात बाळांच्या विभागातल्या नर्सला लस सक्तीची केली तर माझी हरकत आहे का? नाही. कायदा करून करा, वैद्यकीय कारणासाठी सूट ठेवा आणि लशीने संसर्ग किती रोखला जातो याची माहिती उघड करा. मग त्या नियमाच्या बाजूने मी स्वतः लिहीन.