‘एक श्रोता’ यांना उत्तर: मुखारी, कारभार आणि माझा भाबडेपणा

मागच्या आठवड्यात मी कर्नाटक संगीतातल्या काळीज हलवणाऱ्या रागांबद्दल लिहिलं होतं. मुखारी, सहाना, नीलांबरी, आहिरी. त्यावर ‘एक श्रोता’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. तोडीबाबत माझी चूक झाली, पावसाच्या आणि सापाच्या दंतकथा मी चवीने सांगितल्या, कुठला राग कुठल्या वेळेचा याचा पत्ता नाही, असे दोन-चार मुद्दे आहेत. आणि मग हे वाक्य: ‘ताई, ज्या मुखारीवर तुम्ही रडलात, त्याच मुखारीत त्यागराजांनी रामराज्याची स्तुती केली आहे, शब्द कळले असते तर हसला असतात, त्यामुळे हा रागाचा प्रभाव नसून चेन्नईला जाऊन आलेल्या मराठी माणसाचा भाबडेपणा आहे.’ (त्यागराज म्हणजे कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार.)

मतभेदाचं मला काही वाटत नाही. सात वर्षं इथे लिहिते आहे, शिव्याही खाल्ल्या आहेत. पण ‘ताई’ म्हणून वाक्याला सुरुवात करायची आणि तिथेच कान उपटायचे, ही कुठली रीत?

तोडीचं आधी संपवते. मी लिहिलं होतं की ‘तिकडची तोडी म्हणजे आपली तोडीच’. चूक आहे, मान्य. त्यांच्या तोडीचे, म्हणजे हनुमतोडीचे, सूर आपल्या, म्हणजे हिंदुस्थानी, भैरवीचे. आणि आपल्या तोडीचे सूर त्यांच्याकडे शुभपंतुवराळीत सापडतात. त्यांच्या मेळकर्त्यांच्या, म्हणजे मूळ रागांच्या, यादीतला आठवा आणि पंचेचाळिसावा. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, रात्री साडेअकराला लिहिताना हात पुढे धावला. वाक्य दुरुस्त केलं आहे. एवढ्यासाठी ‘मूलभूत अज्ञान’ हा शब्द वापरायची गरज होती का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता ‘जाऊन आलेल्या’. मी चेन्नईला जाऊन आले नाही, अकरा वर्षं राहिले. यांच्या बँकेच्या बदलीमुळे गेलो, दोन वर्षांसाठी म्हणून, आणि मुलाची दहावी तिथेच झाली. मैलापूरला तळमजल्यावर आम्ही, वर एक मामी (तिकडे वयस्कर बाईंना असंच म्हणतात). त्या गाणं शिकवायच्या. पहिले सहा महिने मी जिन्यात बसून फुकट ऐकलं, मग लाज वाटून शिकवणी लावली. माहेर मिरजेचं. आजोबांच्या कपाटात अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘रामा नी समानमेवरु’ची तबकडी होती. त्यागराजांची कृती, म्हणजे बांधलेली रचना, राग खरहरप्रिया, आणि गाणारे किराणा घराण्याचे खाँसाहेब! ते काही तेलुगूचे पंडित नव्हते. ती लागली की आमच्या वाड्यातल्या, सही करतानाही अडखळणाऱ्या बायका हातातलं काम थांबवायच्या. त्या सगळ्या भाबड्याच म्हणायच्या बहुतेक.

शब्द कळले असते तर हसला असतात, असं तुम्ही म्हणता. मग ऐका. चेन्नईतला पहिलाच डिसेंबर, एका सभेतली (संगीतसंस्थेला तिकडे सभा म्हणतात) दुपारची कच्चेरी, म्हणजे मैफल, तिकीट नसलेली. मी मागच्या रांगेत, निम्मं लक्ष कॅन्टीनमधून येणाऱ्या कॉफीच्या वासाकडे. शेजारी एक वयस्कर गृहस्थ, मांडीवर वही. राग, ताल, कृती, रचनाकार, सगळं ते नोंदवत होते. गायिकेने मुखारीची आलापना सुरू केली. तेव्हा मला नावही माहीत नव्हतं. पाचेक मिनिटांत माझा घसा दाटून आला. मग कृती. त्यात एकच शब्द ओळखीचा वाटला आणि आपण चुकीचं ऐकलं असं ठरवून मी गप्प बसले: कारुबारु. शेजारच्यांनी चष्मा काढून पुसला, मग डोळे पुसले. संपल्यावर मी धीर करून त्यांना अर्थ विचारला. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन.’ मग बहुधा माझा चेहरा बघून, ‘गुड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन.’ आणि वही मिटून कॅन्टीनकडे गेले.

म्हणजे तुम्ही जी कृती माझ्या तोंडावर फेकलीत, तिच्यापासूनच माझी सुरुवात आहे, महाशय. अर्थ माहीत असलेला माणूस माझ्याशेजारी डोळे पुसत होता. तो चेन्नईला जाऊन आलेला मराठी माणूस नव्हता.

यावर ‘त्याला लहानपणापासून मुखारी दुःखाची म्हणून शिकवलेली’ असं म्हणाल. शिकवली असेल. पण मला तर त्या दिवशी कुणीच काही शिकवलं नव्हतं.

पुढे चार वर्षांनी मामींनी मला मुखारी दिली. चढताना ‘सा रि म प नि ध सा’, गंधार टाकून, आणि निषादानंतर मागे वळून धैवत, तो आपल्या भाषेत शुद्ध. उतरताना सरळ, पण धैवत कोमल. आता गंमत बघा. हाच उतरता क्रम कर्नाटक संगीतातल्या भैरवीचा (आपल्या भैरवीचा नव्हे) आहे, सुरासकट तोच. तरीही भैरवी भारदस्त वाटते आणि मुखारी आर्त, आणि दहा वर्षांची पोरंसुद्धा दोन्ही वेगळे ओळखतात. का? कारण राग सुरांच्या यादीत नसतोच. मुखारी ऋषभावर पुन्हापुन्हा येऊन थांबते, दारापर्यंत जाऊन परत यावं तशी. गंधार वरून येताना किती हलवायचा, ‘नि ध सा’ कुठे घ्यायचं, सगळं त्या गमकांत, म्हणजे सूर हलवण्याच्या रीतीत. मामींनी मला पंधरा दिवस फक्त ‘रि म प’ म्हणायला लावलं. मी पेटीवर वाजवून पाहिलं तर ते कोरडं ठणठणीत. पेटीला सूर येतात, सुरांमधला रस्ता येत नाही. मी लेखात ‘प्रभाव’ म्हटलं ते याला. शब्द तर फार नंतर येतात. आलापनेत शब्द असतातच कुठे?

आणि शब्दांकडेच यायचं तर तेही नीट वाचा की. ‘साकेत नगरीत (म्हणजे अयोध्येत) तुझ्यासारखा कारभार करणारे कुणी आहेत का?’ असं त्यागराज रामाला विचारतात. चरणात, म्हणजे शेवटच्या कडव्यात, महिन्याला तीन पाऊस, सगळ्यांना विद्या, दीर्घायुष्य, गर्व कुणालाच नाही. ही स्तुती आहे, बरोबर. पण विचारणारा कुठे बसला आहे? तिरुवय्यारूला, कावेरीकाठी, तंजावरपासून हाकेच्या अंतरावर. तिथे आपल्याच भोसल्यांचं राज्य. ‘कारुबारु’ हा शब्दही आपल्या कारभाराचा सख्खा भाऊ. 1799 मध्ये सरफोजींनी कंपनीशी तह केला आणि राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. राजाकडे उरला तो किल्ला आणि आसपासचा भाग. तेव्हा त्यागराज बत्तिशीत होते. कृती त्याच्या आधीची की नंतरची, यावर माझं काही अडलेलं नाही. जो कारभार कुणीही पाहिलेला नाही त्याची आठवण काढणारा माणूस हसत नसतो. त्यागराजांना आनंदाचे राग काय कमी होते? मोहनम् होता, बिलहरी होता. त्यांनी मुखारी निवडली. तुमच्या मते चुकून?

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत. एट्टयपुरमला रचनाकार दीक्षितरांनी अमृतवर्षिणी गायल्यावर पाऊस पडला, पुन्नागवराळीला साप येतो, सकाळी आहिरी गायली तर त्या दिवशी जेवण मिळत नाही, या सगळ्यांपुढे मी ‘म्हणतात’ लिहिलं होतं. तो शब्द दिसला नसेल तर माझा नाइलाज आहे. (आहिरी मी एकदा सकाळी सातला गायले होते. जेवण मिळालं, डबा मात्र सांडला.) रागांच्या वेळेबद्दल: तिकडे आपल्यासारखं घड्याळ लावून कुणी गात नाही. भूपाळम् पहाटे, नीलांबरी रात्री आणि शेवटी मध्यमावती, एवढे संकेत पाळतात. त्यावर स्वतंत्र लिहीन, मूड असला तर.

नीलांबरी हा अंगाईचा राग. त्यावर ‘कुठल्याही अंगाईने मूल झोपतं’ असं लिहिताना तुम्ही कधी मूल झोपवलं आहे का, हा प्रश्न मनात आला. आमच्या सासूबाईंच्या अंगाईने आमचा मुलगा उठून बसायचा. मामींच्या नीलांबरीने झोपायचा, रोज. जाऊ दे.

काही वाचकांनी तुमची प्रतिक्रिया काढून टाकायला सांगितलं. मी काढणार नाही. तोडीची दुरुस्ती तुमच्या नावाने छापायचीही तयारी होती, पण ‘एक श्रोता’ हे नाव होत नाही. एवढं करा: कुणाही जुन्या, संथ गाणाऱ्याची ‘कारुबारु’ काढा, आलापनेसकट ऐका, अर्थ समोर ठेवून ऐका. आणि नेमकं कुठे हसलात ते मला कळवा. नावासकट.