नॉनप्लस्ड

गिऱ्हाइकाला पाठवलेल्या मेलमध्ये ‘तुमचं पत्र वाचून आम्ही नॉनप्लस्ड झालो’ असं लिहिलं, एवढाच माझा गुन्हा. मला म्हणायचं होतं, बुचकळ्यात पडलो. साहेबांना ते ‘आम्हाला काही फरक पडत नाही’ असं लागलं. मग सगळ्यांसमोर : “सोपं लिहिता येत नसेल तर लिहू नका.” गोष्ट सोमवारची. आज गुरुवार, पण ते वाक्य अजून घशाशी येतं.

तरी साहेब परवडले. अकाउंट्सचे काका खुर्ची सरकवत आले.

“नॉन म्हणजे?”

“नाही.”

“आणि प्लस?”

“काका, अशी फोड नाही करता येत.”

“प्लस म्हणजे अधिक. अधिक नाही, म्हणजे उणे. तुम्ही चक्क लेखी कळवलंत की आम्ही उण्यात गेलो. आता तो आपलं बिल देईल?”

“उणे नाही हो.”

“मग शून्य? एकदा काय ते ठरवा. असं लटकत ठेवता येत नाही.”

त्यांनी माझ्याच वहीत उभी रेघ मारली, डावीकडे अधिक, उजवीकडे उणे लिहिलं, आणि पेन रोखून विचारलं, “कुठे धरू?” तोवर मागे चारजण जमले होते. त्यातल्या एकालाही काम नसावं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

रात्री हट्टाने शब्दकोश उघडला, तर संताप दुप्पट. काका अर्धे बरोबर! लॅटिनमध्ये ‘नॉन प्लुस’ म्हणजे ‘याहून अधिक नाही’; पुढे बोलायला-करायला काही उरलेलंच नाही अशी अवस्था. इंग्रजीत हा शब्द १६व्या शतकापासून आहे. साहेबही अगदीच चूक नव्हते. अमेरिकेत लोकांनी ‘नॉन’ पाहिलं, ‘प्लस्ड’ म्हणजे गडबडलेला असणार असं परस्पर ठरवलं, आणि नॉनप्लस्डचा अर्थ ‘जराही न गडबडलेला’ करून टाकला. वास्तविक ‘प्लस्ड’ असा शब्द तिथे कधी नव्हताच. कोश हा अर्थ नाक मुरडत का होईना, नोंदवतात. म्हणजे सगळे थोडेथोडे बरोबर, बोलणी मात्र मी एकट्याने खायची.

अमेरिकनांना हसायची सोय नाही. ‘परोक्ष’ म्हणजे नजरेआड, तेव्हा ‘अपरोक्ष’ म्हणजे समोर, प्रत्यक्ष. वेदान्तातलं अपरोक्ष ज्ञान ते हेच. आणि आपण खुशाल ‘माझ्या अपरोक्ष’ म्हणतो ते पाठीमागे म्हणून. तिथे कोणी कोणाला सगळ्यांसमोर झापत नाही.

आज दुपारी काका पुन्हा कानाशी लागले. “साहेब काल तुमच्या अपरोक्ष तुमच्याबद्दल बोलत होते. म्हणाले, माणूस अगदी नॉनप्लस्ड आहे.”

“कुठल्या अर्थाने?”

“ते नाही विचारलं. मी अधिकमध्ये धरलंय.”